काचेच्या कपाटात तीन महिने

मी एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि माझं मुखपृष्ठ तुम्ही पाहू नये असं मला वाटतं. त्यावर एक गुराखी आहे. त्याच्या सदऱ्याला एकही बटण नाही. त्याच्या मिठीत एक बाई मान मागे टाकून उभी आहे. मागचा घोडासुद्धा दुसरीकडे बघतो आहे.

आतल्या तीनशे बारा पानांत त्या बाईला असं उभं राहायला फारसा वेळ मिळत नाही. ती जेमतेम ओळख झालेल्या नवऱ्यामागून बैलगाडीने अमेरिकेच्या पश्चिमेला जाते. गवताळ मातीची ढेकळं रचून घर बांधते. विहीर खणते. पण हे कळायला मला उघडावं लागतं, आणि लोक मुखपृष्ठावरच हसतात.

मी एका दिवसात हजारो बहिणींबरोबर छापली गेले. कागद स्वस्त, डिंक त्याहून स्वस्त. कुणीतरी मला विमानात वाचलं आणि जपानात सोडून दिलं. १९९६ साली मी कावासाकी स्टेशनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाबाहेर, एका टोपलीत पडले होते.

तिथून नीलिमाने मला उचललं. नीलिमा साठे पुण्याची. नवरा उदय सॉफ्टवेअरच्या कंत्राटावर इथे आला, म्हणून ती आणि लहानगी सई आल्या. गल्ल्यावर तिने मला पालथं ठेवलं. दुकानदाराने मला कोऱ्या कागदाचं वेष्टन घातलं. इथे दुकानातच पुस्तकाला वेष्टन घालून देतात. आपण काय वाचतो ते गाडीत शेजारच्याला कळत नाही. नीलिमाचा जीव भांड्यात पडला. माझाही.

घरी येऊन तिने शाळेतल्या सवयीने वेष्टनावर पांढरं लेबल चिकटवलं : 'नीलिमा साठे, 304'. लपवलेल्या पुस्तकावर स्वतःचं नाव आणि घराचा नंबर.

*पान ४७*

या पानाचा कोपरा झिजला आहे. इथे माझी बाई दाराशी उभी राहते आणि क्षितिजापर्यंत तिला एकही धुराडं दिसत नाही. भात शिजेपर्यंत नीलिमा हेच पान वाचायची.

"तुझा गुराखी पोहोचला का घरी?" उदय आल्या आल्या विचारायचा.

"तो पोहोचेल. पुस्तकातल्या बाईकडे निदान घोडा आहे, कुठे जायचं तर."

"आपल्याकडे नाम्बू लाइनची लोकल आहे की."

"नाम्बू लाइनने जाऊ कुणाकडे?"

यावर उदय मोजे काढत बसायचा.

*पान ११२*

आता माझ्या लाजेची दुसरी गोष्ट. माझ्यात लिहिलं आहे की ती जमीन रिकामी होती. ती रिकामी नव्हती. तिथे आधीपासून माणसं राहत होती. माझ्या सगळ्या पानांत ती फक्त दोनदा येतात, तीही लांबून दिसणारा धूर म्हणून. नीलिमाने या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं : 'मग हा धूर कुणाचा?' इतक्या वाचणाऱ्यांत हे मला तिनेच विचारलं. त्यानंतर मी तिचीच झाले.

*पान ११३ फाटलेलं आहे.*

*पान ११४*

१९९८च्या मे महिन्यात मी इमारतीच्या तळमजल्यावर, हरवलेल्या वस्तूंच्या काचेच्या कपाटात आले. एका बाजूला एकटा हातमोजा, दुसऱ्या बाजूला लहान मुलाची छत्री. तीन महिन्यांत कुणी विचारलं नाही तर रद्दी. रोज सकाळी नीलिमा सईला शाळेत सोडायला जायची आणि कपाटासमोरून जाताना पर्समध्ये किल्ली शोधायची. किल्ली तिच्या हातातच असायची.

*पान ११३*

हे पान मीच लपवलं होतं. ते लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सुप्रभाकाकू वीस वर्षं जपानात होत्या. दर रविवारी मराठी मुलांचा वर्ग भरवायच्या. आता त्यांना तो कुणाच्या तरी हाती सोपवायचा होता. नीलिमाला तो वर्ग फार हवा होता. सईला मराठी समजायचं, पण उत्तर ती जपानीतच द्यायची. वर्गात बसली तर बोलेल, अशी नीलिमाला आशा होती.

काकू फोनवर म्हणाल्या, "गुरुवारी येते तुझ्याकडे. मुलांना शिकवणाऱ्या बाईचं घर बघितलं की मला बाकी काही विचारावं लागत नाही."

गुरुवार रद्दीचा दिवस. सकाळीच नीलिमाने मला वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात घालून सुतळीने करकचून बांधलं आणि खाली ठेवून आली. दोरीने माझं वेष्टन फाटलं.

अकरा वाजता काकू चहा घेत होत्या. बेल वाजली. दारात इमारतीचे रखवालदार ओता-सान, दोन्ही हातांत मी. लेबलावरचा 304 त्यांनी वाचला होता. इतकं नीट नाव घातलेलं पुस्तक चुकूनच रद्दीत गेलं असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी वाकून मला पुढे केलं.

नीलिमाने आधी लेबलावर पंजा ठेवला. पण फाटक्या कोपऱ्यातून गुराख्याची छाती दिसत होती.

"कसलं गं पुस्तक?" काकूंनी मान उंचावली.

"माझं नाही हो. आधीच्या भाडेकरूंचं असेल."

सई त्या दिवशी सर्दीने घरी होती. ती जपानीत म्हणाली, "आईचं आहे. आई रोज वाचते."

"खोटं बोलायचं नाही, सई."

नीलिमा हे शांतपणे म्हणाली. आणि काकूंकडे पाठ करून तिने माझ्यावरचं नाव नखाने खरवडून काढलं. ओता-सान बघत होते. ते पुन्हा वाकले आणि मला खालच्या काचेच्या कपाटाकडे घेऊन गेले.

वर्ग नीलिमाला मिळाला.

*शेवटचं पान*

तीन महिने भरले. ओता-सान कपाट रिकामं करत होते. नीलिमा सईचा हात धरून त्यांच्यासमोर येऊन थांबली. मागे इमारतीतल्या दोन बायका टपाल काढत होत्या.

ओता-साननी वही उघडली. वस्तू : पुस्तक. कुणाची? पेन थांबलं.

नीलिमाचं जपानी तिथे संपलं, किंवा धीर संपला. "सई, त्यांना सांग, हे माझं आहे."

सईने माझ्यावरचा खरवडलेला पांढरा डाग पाहिला. मग आईकडे वर बघून तिने विचारलं, स्वच्छ मराठीत : "आता खरं बोलतेस का?"

ज्या वाक्यासाठी वर्ग हवा होता ते असं आलं.

"हो," नीलिमा म्हणाली. "त्या दिवशीही तूच खरं बोलली होतीस."

मग सईने ओता-सानना सांगितलं. त्यांनी वहीत 304 लिहिलं.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, पानं दुमडू नका, हे तर मी म्हणेनच. वेष्टनही घाला, मला ते आवडतं. फक्त माझ्यासारखीला वाचवायला, किंवा माझ्यापासून स्वतःला वाचवायला, खरं बोलणाऱ्या पोराला खोटं पाडू नका. आता मी 304 मधल्या कपाटात उभी असते. काकूंना सांगायचं अजून राहिलं आहे. त्या पांढऱ्या डागावर नीलिमाने नवं लेबल लावलेलं नाही.