साडेअकराची चिठ्ठी

...पंखा इकडे वळला की त्या पिवळ्या चिठ्ठीचा कोपरा वर उठायचा, पंखा पुढे गेला की परत भिंतीला चिकटायचा — आणि त्या उठण्या-चिकटण्याखाली क्लेमचं किरटं, उजवीकडे कललेलं अक्षर : टारकूनहून परत, साडेअकरा. न आल्यास कळवणारी : व्हर्ली हॉकिंग. तिनं घड्याळाकडे बघितलं नाही. गेली वीस मिनिटं ती स्वतःच घड्याळ होऊन बसली होती. बाराला दहा कमी.

कुंडाराच्या विमानतळावर मनोरा नाही, नियंत्रक नाही. पत्र्याचं एक ऑफिस, इंधनाचा एक पंप, आणि नगरपरिषदेच्या पगारावर व्हर्ली. सकाळी गाडीनं धावपट्टी पालथी घालायची, कांगारूंच्या लेंड्या आणि मेलेल्या घारी उचलायच्या, मंगळवारचं आणि शुक्रवारचं विमान आलं की सामान उतरवायचं. बाकी स्वतःची छोटी विमानं उडवणारे आपापले मुखत्यार. ते फक्त जाताना कुणाकडे तरी चिठ्ठी ठेवून जातात — अमुक वेळेला परतलो नाही तर शोधाशोध सुरू करा. बहुतेकांच्या चिठ्ठ्या त्यांच्या बायकांकडे असतात, फ्रिजच्या दारावर. क्लेम ट्रँटरची तिच्याकडे. सहा वर्षं झाली, म्हणजे तिचा नवरा रॉस वारला त्याच्या पुढच्याच हिवाळ्यापासून. क्लेम तेव्हा नुसता म्हणाला होता, "तू तशीही इथंच असतेस ना," आणि कागद पुढे केला होता. ती घरी जाऊन त्या वाक्याचा विचार करत बसली होती, या वयात. मग रविवारी तो भाजलेलं मटण खायला यायला लागला, रॉसच्या खुर्चीवर न बसता शेजारच्या खुर्चीवर बसायला लागला, आणि दोघांनीही त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. पण कुठल्या तरी कागदावर लिहिलेलं होतं — या माणसाची वाट बघणारी बाई ही.

दार ढकलून डार्सी आत आला. गवत कापायचं यंत्र बाहेर ठेवून तो रोज या वेळेला थंड पाणी प्यायला येई.

"काय गं पाचमिनिटे," तो म्हणाला, "म्हातारा आला नाही वाटतं?"

"येईल."

"आणि तू शांत? नाही, मी विचारतो आपलं. म्हणजे विमान येणार असेल बचाववाल्यांचं तर मी गवत तरी नीट कापतो. पाहुणे यायचे."

"पाणी पी आणि जा डार्सी."

"जातो बाई. चिडतेस काय." दारात तो थांबला. आवाज जरा उतरला. "किती वाजताचा होता?"

"येईल म्हटलं ना."

पाचमिनिटे. एप्रिलपासून गावानं ठेवलेलं नाव. क्लेमची वेळ चारची होती आणि चार वाजून पाच मिनिटांनी तिनं कॅनबेराच्या बचाव केंद्राला फोन केला होता, नियमाप्रमाणे. ब्रिस्बेनहून बचावाचं जेट निघालं, दोन तास आभाळात घिरट्या घालत राहिलं, आणि क्लेम एका गुरांच्या मळ्यावर व्हरांड्यात बसून भोपळ्याचे स्कोन खात होता. वेळ विसरला होता, फोन विमानात. चूक सगळी त्याची. हसं झालं तिचं. ते तिनं गिळलंही असतं, गाव आहे, गावाला तोंड आहे... पण शुक्रवारी पबच्या दारातून आत जाताना तिनं ऐकलं : क्लेमच तो किस्सा रंगवून सांगत होता, आणि तिचा आवाज काढत होता. बारीक, थरथरता, रडका. 'तो अजून आला नाही हो, तो अजून आला नाही.' सगळे टेबलं बडवत होते. हुबेहूब काढला होता आवाज. इतका हुबेहूब आवाज काढायला माणसाला किती वर्षं नीट ऐकावं लागतं, हे तिला त्याही क्षणी सुचलं होतं, आणि त्यानंच जास्त लागलं होतं.

नंतर तो म्हणाला, "मनावर घेऊ नकोस गं. पण यापुढे जरा दम धर. अर्धा तास. तेवढ्यात काही मी मरत नाही."

अर्धा तास. बरोबर बारा.

बारा वाजले. तिनं रेडिओवर हाक मारली — तिसरी. खरखर. वाटेत कुठंतरी उतरला असेल, कुणाचा पाण्याचा पंप बघायला. सुकलेल्या तळ्यातही विमान उतरवतो तो, विचारणार कोण. सकाळी इंधन भरताना त्याचा हात टोपणावर दोनदा घसरला होता, आणि तिनं बघून न बघितल्यासारखं केलं होतं... हात तर या उन्हात कुणाचाही घसरतो. बारा वाजून चार. टारकूनला फोन करावा? तिथली आयलीनही हसलीच होती तेव्हा. बारा वाजून सात. बाहेर धावपट्टीवरून वाफ उठत होती, पलीकडचं टोक दिसत नव्हतं.

बारा वाजून दहाला तिनं टारकूनला फोन लावला.

"क्लेम?" आयलीन म्हणाली. "अगं, तो तर साडेदहालाच उडाला. चहासुद्धा नाही घेतला. म्हणाला, व्हर्ली वाट बघत असेल." मग जरा थांबून, "व्हर्ली? पोचला नाही का तो?"

पन्नास मिनिटांची वाट.

कॅनबेराचा माणूस तरुण वाटला, आणि फार नीट बोलत होता. विमानाचा क्रमांक, रंग, किती इंधन, पाणी किती. ती सांगत गेली. तिचा आवाज बारीक नव्हता, थरथरत नव्हता. तिला स्वतःलाच तो परका वाटला.

"परतायची वेळ?"

"साडेअकरा."

पलीकडे टकटक झाली, थांबली. "आता बारा वाजून चौदा झालेत, बाई. मधे काही अडचण आली होती का? फोन वगैरे बंद?"

उत्तर तयार होतं. अर्धा तास थांब असं त्यानंच सांगितलं होतं. खरंच सांगितलं होतं. मग बारानंतरची चौदा मिनिटं? हसतील म्हणून, असंही सांगता आलं असतं, आणि तेही बरंचसं खरं होतं. पण ओठावर आलेलं ते खरं तिथंच अडलं, कारण त्याच्या मागे दुसरं काहीतरी उभं होतं आणि आता ते बाजूला व्हायला तयार नव्हतं. मी हसण्याला भ्यायले नव्हते. घड्याळाचा काटा साडेअकरावर आला तेव्हा मला आत कुठंतरी गार, बरं वाटलं. बस आता, असं वाटलं. कुणी वाट बघत नसलं की कसं असतं ते एकदा बघ. एक एक मिनिट मी त्याला मोजून दिलं, टेबलावर हात ठेवून, अगदी शांतपणे. आणि तो चहा न घेता निघाला होता.

"बाई? ऐकताय ना?"

"नाही," ती म्हणाली. "फोन चालू होता. मी इथंच बसले होते."

पलीकडे पुन्हा टकटक झाली. लिहून घेतलं असावं. मग म्हणाला की विमान निघतंय, ही लाइन मोकळी ठेवा, आणि कुठलाही आवाज आला, काहीही दिसलं, तर लगेच कळवा.

ती बाहेर आली. डार्सीनं यंत्र बंद केलं होतं आणि टोपी हातात घेऊन तो पश्चिमेकडे बघत उभा होता. तीही बघायला लागली. उन्हानं डोळ्यांत पाणी येत होतं. येऊ दे, येऊ दे त्याला, तिचं मन म्हणत होतं, आणि ते अगदी मनापासून होतं. त्याच वेळी तिला दिसत होतं, तो उतरेल, ढेंगा टाकत येईल, म्हणेल, काय गं, या खेपेला तर फारच दम धरलास — आणि तिला त्याच्या तोंडाकडे बघावं लागेल. कुठंतरी दूर काहीतरी घुमल्यासारखं वाटलं. वारा असेल. डार्सीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं, ऐकलंस का, अशा अर्थानं. आणि तिच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखला आहे, आणि तो आवाज विमानाचा निघावा म्हणून रोखला आहे की निघू नये म्हणून, हे आपल्याला सांगता येत नाही.