नगराध्यक्षांचं कुलूप

आखातातल्या हवल्ली शहरातल्या मराठी मंडळींचा गणपती अकरा वर्षं शशिकांतरावांच्या घरी बसत होता आणि अकरा वर्षं आरतीनंतर त्यांच्या पणजोबांची गोष्ट होत होती. पणजोबा गोविंदशेट धान्याचे व्यापारी. अठराशे सत्त्याहत्तरच्या दुष्काळात त्यांनी कोठार उघडलं, कुलूप विहिरीत फेकलं आणि पुढे लोकांनी त्यांना नगराध्यक्ष केलं. हे सांगताना तेलकंपनीतले इंजिनिअर शशिकांतराव असे ताठ बसत, की ते कुलूप यांनीच फेकलं असावं.

एकोणीसशे नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य शहरात शिरलं. शशिकांतरावांनी पहिल्याच दिवशी तांदळाची चार पोती आणली, मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"खालच्या मजल्यावर नर्स मुली उपाशी आहेत हो," बायको सुहासिनी म्हणाली.

"आधी आपलं बघ."

काशिनाथने मात्र दुकान उघडलं. काशिनाथ म्हणजे कोपऱ्यावरचा रत्नागिरीचा किराणावाला. दरवर्षी मोदकांची पिठी घेऊन यायचा आणि चपलांजवळ बसून गोष्ट ऐकायचा. आता तो डाळ-तांदूळ फुकट वाटत होता. जॉर्डनला जाणाऱ्या बसची यादीही त्याच्याच दुकानात होत होती. लोक त्याला कौतुकाने 'नगराध्यक्ष' म्हणू लागले आणि शशिकांतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या घराण्याचा मान, आणि तो या शेंगदाणे विकणाऱ्याला!

त्यावर कडी म्हणजे यंदा गणपतीही दुकानातच बसला. मूर्ती कुठून आणणार? मूठभर तांदळावर सुपारी ठेवली होती. शशिकांतराव जायचं नाही म्हणत होते, पण चुका काढायला तरी जावं म्हणून गेले. आरतीचं ताम्हन काशिनाथच्या हातात बघून त्यांना तो हात पिरगळावासा वाटला.

आरती झाली. काशिनाथने त्यांच्यासाठी स्टूल पुसलं.

"साहेब, गोष्ट सांगा. मी दुकान उघडलं ते तुमची गोष्ट ऐकूनच."

नाही कसं म्हणणार? शशिकांतरावांनी सुरुवात केली. दुष्काळ आला, कोठार आलं, आवाज चढला. नर्स मुली टक लावून ऐकत होत्या. हात सवयीने खिशात गेला, किल्ली बोटांना लागली आणि ते थांबले.

"मग कुलूप विहिरीत फेकलं ना?" काशिनाथने भाबडेपणाने विचारलं.

सुहासिनी उठली, नवऱ्यासमोर आली आणि तिने तळहात पुढे केला.

"किल्ली द्या."

त्यांनी दिली.

तासाभरात चारही पोती दुकानात आली. "हा कुणाचा तांदूळ?" एका नर्सने विचारलं. काशिनाथने सगळं पाहिलं होतं, त्याला सगळं समजलं होतं.

"नगराध्यक्षांच्या घरचा," तो म्हणाला आणि माप घेऊन वाटायला बसला.

आपली लाज राखायचंही त्यालाच सुचावं! शशिकांतराव पुन्हा जळफळले. मग ते जागेवरून उठले आणि दाराशी, चपलांजवळ जाऊन बसले.