ताईच्या बाह्या

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे क्रेन म्हणत. भावजय तेवढी ताई म्हणायची. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, वजन चौऱ्याहत्तर किलो. मशीनच्या ड्रममधून निघालेला ओल्या चादरींचा गठ्ठा ती छातीशी कवटाळायची, गुडघ्यांत वाकायची आणि एका दमात ट्रॉलीत टाकायची. दिवसाला ऐंशी गठ्ठे. दंड असे की गणवेशाची बाही चढतच नसे. शेवटी भावजयीनं दोन्ही बाह्या उसवून आत फाटक्या चादरीची पट्टी जोडून दिली.

भावजय वरच्या कँटीनमध्ये वाढायला होती. ताईचं ताट आलं की तिचा हात सैल सुटायचा. भाताचा ढीग, डाळ, तीन अंडी.

"क्रेनमध्ये डिझेल भरताय का?" कारकुनांपैकी कुणीतरी ओरडायचा.

"भरतेय," ताई तोंडातला घास न गिळताच म्हणायची. "तुमचं काय, खुर्ची उबवायला चहा पुरतो."

मग नवे व्यवस्थापक आले. येताना वजनकाटा घेऊन आले आणि एक छापील तक्ता. उंचीसमोर वजन. ताईच्या उंचीसमोर छापलं होतं बासष्ट. ज्यांचं जास्त, त्यांना हलकं ताट: अर्धा भात, अंडं बंद. दोन महिन्यांत आकडा उतरला नाही तर ड्रम सोडायचा आणि टॉवेलच्या घड्या घालत बसायचं. कारण काय, तर म्हणे तब्येतीची काळजी. तक्ता छापणाऱ्यानं जन्मात ओली चादर उचलली नसणार, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण तक्ता छापील होता आणि छापील कागदापुढे माणसं मान खाली घालतात.

ताईनंही घातली. तीस वर्षांचा ड्रम होता तो. घड्या घालत बसणं म्हणजे तिला जिवंतपणी अडगळीत टाकणं.

"अर्धं म्हणजे अर्धंच वाढ, पोरी," तिनं भावजयीला बजावलं. "माया पातळ कर."

भावजयीनं दात-ओठ खात वाढलं. पाच आठवड्यांत पाच किलो उतरले. व्यवस्थापकांनी सगळ्यांदेखत टाळी वाजवली. ताई ओशाळवाणं हसली.

त्याच आठवड्यात तिच्या हातून गठ्ठा निसटून धप्पकन ओल्या फरशीवर पडला. तीस वर्षांत पहिल्यांदा. ताई त्याच्याकडे बघत उभी राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या हातून पडलाय.

दुपारी ताट पुढे करायला तिनं हात लांब केला आणि भावजयीच्या हातातला डाव थांबला. बाही लटकत होती. तिनंच जोडलेली पट्टी चुण्या पडून लोंबत होती. भावजय काउंटरच्या बाहेर आली आणि तिनं ताईच्या एप्रनची गाठ बघितली. नाडीवर जुना वळ होता. गाठ अजून त्याच वळावर बसत होती.

"ताई, पोट आहे तिथंच आहे. दंड गेलेत तुमचे!"

रांगेत मागे रुग्णांना व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण उभी होती. ती पुढे आली, तिनं दंड चाचपला आणि तिचा चेहरा उतरला.

"काट्याला स्नायू आणि चरबीतला फरक कळत नाही हो. स्नायू बसल्या जागीसुद्धा खातात, चरबीच्या जवळजवळ तिप्पट. यांचं तर दिवसभर उचलणं. एवढं अन्न यांच्या अंगात जळतं म्हणून एवढं लागतं. ते मिळालं नाही की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. या वयात तर पटकन."

"म्हणजे मी खादाड नव्हते?" ताईनं विचारलं. इतकं हळू, की जवळ उभ्या भावजयीलाच ऐकू आलं. त्या कारकुनांची थट्टा ही बाई तीस वर्षं हसत झेलत होती आणि मनातून खरी मानत होती!

भावजयीनं डाव भरला. परत भरला. चार अंडी ठेवली.

"काट्यावर चढायचंय गं मला," ताई म्हणाली.

"चढा की. पण अंगात जीव ठेवून चढा."

तीन आठवडे ताई पोटभर जेवली. मुदतीच्या दिवशी काटा धुलाईखान्यात आणला. बहात्तर.

"वाढलं," व्यवस्थापक म्हणाले. "उद्यापासून घड्यांच्या टेबलावर."

ताई काट्यावरून उतरली. ड्रमचं दार उघडलं, ओला गठ्ठा कवटाळला, वाकली. कँटीनमधून खाली आलेली भावजय दारातच थांबली. गठ्ठा उठला. ट्रॉलीत नाही, ताईनं तो काट्यावर ठेवला. अठ्ठावीस किलो.

"असे ऐंशी," ताई म्हणाली. "रोज. हे कुठल्या रकान्यात लिहिता, साहेब?"

साहेबांनी तक्ता वरून खाली बघितला. मग खालून वर. असा रकाना नव्हताच. त्यांनी वाकून गठ्ठा काट्यावरून हलवायला हात घातला. तो बोटभरही उचलला गेला नाही. शर्ट मात्र बेंबीपर्यंत भिजला. कुणी हसलं नाही. ताईनं त्यांना हातानं बाजूला केलं आणि गठ्ठा उचलून ट्रॉलीत टाकला.

"राहू दे यांना इथंच," साहेब शर्ट पिळत म्हणाले.

"आणि ताट?" भावजयीनं विचारलं.

"वाढा. लागेल तेवढं."

काटा धुलाईखान्यातच राहिला. आता त्यावर गठ्ठे मोजतात. भावजयीनं ताईच्या बाह्या आत घेतल्या नाहीत. पट्टी पुन्हा तटतटायला लागली, तेव्हा तिनं तिथली शिवण दुहेरी केली.