मागायचं असतं, हे सांगायचं कुणी?

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि मी प्रचंड वैतागलो आहे! इतर वस्तू आपली कहाणी कशा गरीब गाईसारख्या सांगतात. मला ते जमणार नाही. दोन शहाण्या माणसांच्या मध्ये तीन आठवडे उभं राहून मी जे पाहिलं, ते पाहून लोखंडालाही घाम फुटला असता.

जन्माचं थोडक्यात आटपतो. एका कारखान्यात माझी भिंगं घासली गेली आणि खोक्यात बसून मी या कॉलेजातल्या, मेंदूचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत आलो. सुरुवातीला काय थाट होता माझा! उंदराच्या मेंदूचा कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ काप माझ्याखाली ठेवला की जांभळ्या पेशींचं अख्खं गाव दिसायचं. बघणारा ‘अबब!’ म्हणायचा आणि मी उगाच ताठ व्हायचो. पुढे पडद्यावाली नवी यंत्रं आली. मी खिडकीपाशी गेलो. एकदा तर कुणीतरी माझ्यावर स्वेटर वाळत घातला. ओला स्वेटर, मित्रांनो!

आणि मग चिमटी आली.

त्याचं असं झालं, आमच्या प्राध्यापक मॅडमनी एक योजना सुरू केली. ज्यांच्या घरातून आधी कुणीच कॉलेजात गेलं नाही, अशा मुलांना मेंदूविज्ञानाच्या पुढच्या शिक्षणापर्यंत पोचवायचं. मॅडम माणूस म्हणून लाख मोलाच्या. योजनेत टी-शर्ट होते, भाषणं होती, ‘उत्तुंग स्वप्नं पाहा’ असा भिंतभर फलक होता. नव्या यंत्रांपुढे रांग असल्यामुळे योजनेतली एक मुलगी माझ्या वाट्याला आली. तिच्या हातात कायम चिमटा, म्हणून मी तिला चिमटी म्हणू लागलो. वडिलांचं इस्त्रीचं दुकान. त्यामुळेच असेल, काचेवर काप पसरताना ती एक सुरकुती पडू द्यायची नाही. माझं बारीक फिरवायचं चाक घसरायचं, त्याला तिने रबरबँड लावला. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं होतं? कुणालाही नाही!

चिमटीचं काम पेशी मोजण्याचं. माझ्या भिंगात चौकटी आखलेल्या आहेत, एकेका चौकटीतल्या पेशी मोजायच्या. एक दिवस तिच्या लक्षात आलं की आधीच्या मुलांनी रेघेवर बसलेल्या पेशी अलीकडच्या चौकटीतही मोजल्यात आणि पलीकडच्याही. उंबरठ्यावरचा माणूस दोन्ही खोल्यांत!

“मॅडम, तुमच्या संशोधनातले जुने आकडे जरा जास्त आलेत,” ती चाचरत म्हणाली. “रेघेवरच्या पेशी दोनदा मोजल्यात.”

मॅडमनी माझ्यातून पाहिलं, खूप वेळ पाहिलं. “हं,” म्हणाल्या आणि निघून गेल्या.

हं! एवढंच! त्या गेल्या होत्या जुने कागद काढायला, पण हे सांगायला तोंड नको उघडायला? चिमटीचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या शिक्षणाचा तिचा अर्ज तयार होता, त्याला फक्त मॅडमचं शिफारसपत्र हवं होतं. त्याशिवाय अर्ज कुणी उघडूनही बघणार नव्हतं. मुदत तीन आठवड्यांची.

“दिलं का गं मॅडमनी पत्र?” फरशी पुसणाऱ्या मावशी रोज विचारायच्या.

“काम आवडलं असेल तर देतील. बाबा म्हणतात, काम चोख करायचं, हात पसरायचा नाही. घडी चांगली असली की गिऱ्हाईक आपणहून येतं.”

आणि मॅडम? मावशी तिथेच फरशी पुसत असताना त्या माझ्याच शेजारी बसून फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, “इतकी हुशार पोरगी, पण पत्र मागायला येत नाही गं. पुढे शिकायचं नसेल तिला. घरचं काही असेल. आपण कशाला भरीस घालायचं?”

अहो! पेशीची केसाएवढी शेपटी दिसते तुम्हाला आणि वीतभर अंतरावरचा माणूस दिसत नाही? मला हात असते तर दोघींची डोकी धरून एकमेकींकडे वळवली असती.

मुदतीच्या आदल्या दिवशी चिमटी आवराआवर करत होती. मॅडम आत आल्या.

“पुढचं काही ठरलं?”

“नाही मॅडम.”

“बरं.”

“बरं.”

“बरं काय, बरं!” मावशींनी फडका बादलीत आपटला. “ही तुमच्या पत्राची वाट बघतेय, तुम्ही हिच्या मागण्याची. उद्या अर्ज बंद! मी तुमच्या दोघींच्या मधली फरशी किती दिवस पुसू?”

मॅडम थक्क झाल्या. “अगं, मग मागायचं ना! पत्र मागायचं असतं!”

“असतं, म्हणजे?” चिमटीचा आवाज पहिल्यांदाच चढला. “कुठे लिहिलंय, मॅडम? फलकावर स्वप्नं पाहा लिहिलंय. पत्र मागा, असं नाही लिहिलेलं. आणि मी तर तुमची चूक काढली...”

“म्हणून तर मी तीन वर्षांचे काप परत मोजतेय, तुझ्या पद्धतीने.”

मॅडमनी चष्मा पुसला, माझ्या शेजारचं स्टूल ओढलं आणि तिथेच पत्र लिहायला घेतलं. पहिलं वाक्य मी वाचलं, ‘या मुलीने मला माझी चूक दाखवली.’

अर्ज वेळेत गेला. दोन महिन्यांनी चिमटी निरोप घ्यायला आली, जागा मिळाली होती. सोबत वडील होते. त्यांनी माझ्या नळीला डोळा लावला, श्वास रोखून बघितलं आणि म्हणाले, “एकही सुरकुती नाही.”

आता त्या फलकाखाली मॅडमच्या अक्षरात एक कागद आहे, ‘शिफारसपत्र मागायचं असतं. मागा. मी विसरले तर पुन्हा मागा.’ अहो, हे आधी लावलं असतं तर माझा जीव तीन आठवडे टांगणीला लागला नसता!

मित्रांनो, माझ्या भिंगांना बोटं लावू नका, स्वेटर तर नकोच नको. पण तुम्हाला एखादी वाट माहीत असेल, तर ती सगळ्यांनाच माहीत असते असं धरून चालू नका. मोठ्याने सांगा. आणि तुम्हाला माहीत नसेल तर विचारा, त्याने हात पसरल्यासारखं होत नाही.

आणि हो, माझ्या चाकाचा रबरबँड कुणी काढायचा नाही. तो चिमटीचा आहे.