भिंगरीचा आतला डोळा

शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडक्यांच्या कठड्यांवर मुलं चढून बसली होती, मागच्या भिंतीला टेकून वडीलमंडळी उभी होती, आणि मंचावर डोळ्यांना काळी पट्टी बांधलेली एक मुलगी वर्तमानपत्राचा मथळा वाचत होती.

"उद्या पाणीपुरवठा बंद," ती अडखळत म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाणी बंद होणार याचं कुणालाच काही वाटलं नाही.

दारापाशी उभ्या असलेल्या शास्त्राच्या बाईंचे हात मात्र टाळीसाठी उठेनात. मंचावरची मुलगी त्यांच्या धाकट्या नणंदेची लेक होती आणि त्यांच्याच वर्गात शिकत होती. एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. आज मात्र ती खिळल्यासारखी बसली होती. हनुवटी जरा वर, वर्तमानपत्र छातीपाशी.

"मेंदूच्या मधोमध एक डोळा झोपलेला असतो," कॉलरला माइक लावलेले गृहस्थ सांगत होते. लोक त्यांना नेत्रगुरू म्हणत. "आमच्या संगीतातून लहरी जातात, लहरींतून ऊर्जा जाते, ऊर्जेतून दृष्टी येते. हा चमत्कार नाही, शुद्ध विज्ञान आहे. मूल डोळे मिटून वाचेल, चष्म्याचा नंबर उतरेल, गणित सुधारेल, भूक वाढेल."

भूक कशी वाढेल ते त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. बाईंनी दुसरंच विचारलं.

"दिवे घालवून वाचून दाखवता येईल का? पट्टी बांधलेलीच आहे, मग तिला उजेड कशाला लागतो?"

नेत्रगुरू प्रेमाने हसले. "बाई, शंकेच्या लहरी फार जड असतात. कोवळ्या मुलांच्या मेंदूवर जाऊन बसतात."

सभागृह खो खो हसलं. मुख्याध्यापिकाबाईही हसल्या. मग त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या शनिवारी नेत्रगुरूंच्या वर्गाची नावनोंदणी, आणि पुढच्या सत्रापासून प्रयोगशाळेचा तास त्या वर्गाला. हे ऐकून बाई चपापल्या.

बाहेर पडताना नणंदेने त्यांना गाठलं. तिचे डोळे आनंदाने भरले होते. "वहिनी, हिचा चष्मा मी कपाटात ठेवून दिलाय. सर म्हणाले, आता लागणार नाही."

आता बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. भिंगरी हल्ली सारखं कपाळ चोळत होती आणि फळ्यावरच्या 'वनस्पती'चं वहीत 'वनपती' करत होती, ते यामुळे.

"रविवारी हिला आमच्याकडे पाठव," एवढंच त्या म्हणाल्या. लोक अजून पांगले नव्हते, लेक आणि आई दोघी तिथेच होत्या; तिथल्या तिथे भांडं फोडलं असतं तर नेत्रगुरू गाडीत बसून निघून गेले असते आणि मागे खोटारडी म्हणून भिंगरी उरली असती.

रविवारी भिंगरी मामाकडे आली. बाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी तिच्यासमोरच डोळ्यांवर ओढणी गच्च बांधली आणि सोलणं चालूच ठेवलं. एक किडका दाणा आला, तो नेमका उचलून बाजूला टाकला.

भिंगरी बघतच राहिली. "मामी, तुला दिसतंय?"

"दिसतंय की. समोरचं नाही, खालचं. नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. नाक काही सपाट नसतं ना, पट्टी तिथे टेकतच नाही."

भिंगरीने एक शेंग उचलली, सोलली नाही, नुसती फिरवत राहिली.

"सरांच्या शिकवणीत मला आधी काहीच दिसत नव्हतं," ती हळूच म्हणाली. "सर म्हणाले, ज्याचा विश्वास कच्चा त्याला उशीर लागतो. बाकीच्यांना दिसायला लागलं, मी एकटीच मागे राहिले. मग एक दिवस मान वर केली आणि कार्ड दिसलं. मी रंग सांगितला. सरांनी मला पुढे बसवलं. आई रडायलाच लागली. मग कसं सांगू तिला?"

बाईंनी ओढणी सोडली. "आईला खरं सांगायला हवं होतंस, हे तुलाही कळतंय. पण ही वेळ तुझ्यावर मोठ्यांनी आणली. रंग कळल्यावर 'कसा कळला' हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही."

"तू विचारलंस."

"आणि हसं करून घेतलं. बरं, आता तू सांग. आतला डोळा खरा असला, तर कुठली गोष्ट बदलली तरी वाचण्यात फरक पडायला नको?"

भिंगरीने पट्टी बांधून पाहिली, मान वाकवून पाहिली, आरशापुढे जाऊन आली. मामाला कार्ड घेऊन तिने खुर्चीवर चढवलं. संध्याकाळपर्यंत तिचं उत्तर तयार होतं, आणि ते शनिवारी आपणच सांगायचं हेही तिचंच ठरलं.

शनिवारी सभागृह पुन्हा भरलं. भिंगरीने ठरल्याप्रमाणे कार्ड वाचलं. टाळ्या थांबल्यावर पट्टी न सोडताच ती म्हणाली, "सर, आता कार्ड माझ्या कपाळासमोर धरा."

"तशी पद्धत नाही बाळ."

"आतला डोळा तर तिथेच असतो ना?"

मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः उठून कार्ड धरलं. भिंगरी म्हणाली, "आता मला काहीच दिसत नाही. खाली आणलं की दिसतं. मी नाकाशेजारून बघते. पटत नसेल तर सगळ्यांनी पट्टी बांधून बघा."

खेळाच्या खोलीतून तीन पायांच्या शर्यतीच्या पट्ट्या आल्या, पुरल्या नाहीत तिथे रुमाल आणि ओढण्या निघाल्या. घटकाभर गडबड झाली आणि मग हशाची लाट उसळली. कुणाला आपल्या चपला दिसल्या, कुणाला शेजाऱ्याचे वेगवेगळ्या रंगांचे मोजे. कुणाचे तरी आजोबा पट्टीखालून औषधाच्या पाकिटावरची तारीख मोठ्याने वाचायला लागले आणि औषध जुनं झालंय म्हणून सुनेवर रागावले.

नेत्रगुरूंनी हार मानली नाही. "पाहा, माझ्या नुसत्या उपस्थितीने सगळ्यांचे डोळे उघडले."

"सगळ्यांचे?" मुख्याध्यापिकाबाई पट्टी सोडत म्हणाल्या. "मग तुमच्या वर्गाचं काय काम उरलं?"

नेत्रगुरूंनी आपल्या लहरी आवरत्या घेतल्या. त्यांनी कॉलरचा माइक काढला, तो चालू असल्याने सभागृहभर खरखर ऐकू आली, आणि बाजूच्या दाराने ते निघून गेले.

नणंद मात्र जागची हलली नव्हती. भिंगरी तिच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"मला का नाही सांगितलंस?" नणंदेने विचारलं.

"तू फार खूश होतीस, आई."

नणंदेने तिला जवळ ओढलं. डोळे पुसत ती बाईंना म्हणाली, "वहिनी, मला खरंच वाटलं होतं हो."

"वाटणारच. आपल्या लेकरात काही खास आहे असं कुणी म्हटलं, की कुठल्या आईला खोटं वाटेल? असे गुरू त्याच्यावरच तर जगतात." घरी गेल्या गेल्या चष्मा कपाटातून निघाला.

प्रयोगशाळेचा तास कायम राहिला. त्या तासाला बाई वर्गाला म्हणाल्या, "कुणीही काहीही सांगितलं, तरी विचारा. हे कसं कळलं? याचं दुसरं साधं कारण असू शकेल का? आणि हे खोटं असेल, तर ते कशावरून उघडं पडेल? विचारलेलं ज्याला चालत नाही, त्याच्याकडे जरा जास्त निरखून बघा."

मागच्या बाकावरून भिंगरीने हात वर केला. "बाई, तुम्ही सांगता तेही तपासायचं?"

"आधी तेच. काल मी सांगितलं, की जड आणि हलकी वस्तू बरोबरच खाली पडते. तपास."

भिंगरी बाकावर चढली. तिने एका हातात डस्टर धरलं, दुसऱ्या हातात वहीचा कागद, आणि दोन्ही एकदम सोडलं. डस्टर धपकन पडलं. कागद तरंगत, गिरक्या घेत, सावकाश बाईंच्या पायांशी येऊन टेकला. वर्ग श्वास रोखून बाईंकडे बघत राहिला.

बाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्यांनी कागद उचलला आणि भिंगरीला परत दिला.

"मी अर्धवटच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "आता उरलेलं तुम्ही शोधा."