माझ्या अंगावरच्या चार रेघा

मी एक जुनी कॅटमरान आहे, मित्रांनो. नाव ऐकून दचकू नका. दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी ठेवा, त्यांना जोडून वर एक घर बांधा, घरावर डोलकाठी उभारा, तिला शीड चढवा, की झाले मी तयार. एका पोटाच्या होड्या वाऱ्यात कलतात, मी फारशी कलत नाही. माझ्या टेबलावर ठेवलेला चहाचा कप टेबलावरच राहतो, आणि याचा मला फार तोरा होता. गर्वाचं घर खाली म्हणतात ना? माझं घर खरोखरच खाली गेलं, दर वर्षी दोन बोटं. तीच गोष्ट सांगते.

मला बांधणारा कारागीर अबोल होता. काचेच्या धाग्यांच्या कापडावर राळेचे थर देत देत त्याने माझं अंग घडवलं. प्रत्येक थर दाबून तो जादा राळ काढून टाकायचा. "हिची ताकद हिच्या हलकेपणात आहे," एवढं एकच वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं. शेवटी त्याने माझ्या दोन्ही पोटांवर एक रेघ ओढली. रेघेखाली निळा रंग, रेघेवर पांढरा. निळा रंग औषधी असतो, त्यावर शेवाळ आणि शिंपले धरत नाहीत. म्हणून पाणी त्या रेघेपर्यंतच यायला हवं, वर नको.

पहिल्या मालकाकडे दहा वर्षं सुखात गेली. मग मला मिस्त्रींनी घेतलं. मिस्त्रींनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि मालकीणबाईंनी पन्नाशी उलटलेल्यांच्या वर्गात बसून शीड चालवायचं शिक्षण घेतलं. मालकीणबाई शिवणकाम करायच्या, त्यामुळे शिडाची डागडुजी घरच्या घरी व्हायची. मिस्त्रींच्या हातात पाना आणि बाईंच्या हातात सुई, मला आणखी काय हवं होतं?

मिस्त्रींनी मला घेतलं ते आक्कासाठी. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानेच त्यांना वाढवलं. ती शाळेत भूगोल शिकवायची. संध्याकाळी भिंतीवरच्या नकाशावर धाकट्या भावाचं बोट धरून ती त्याला समुद्र फिरवून आणायची. स्वतः मात्र कधी बोटीत बसली नाही. "मोठा झालो की तुला खऱ्या समुद्रात नेईन," असा शब्द मिस्त्रींनी तेव्हा दिला होता. त्यांनी मला घेतलं तेव्हा आक्का समुद्रापलीकडच्या एका गावात एकटी राहत होती. माझ्या चालीने दोन दिवसांचा प्रवास.

म्हणून माझ्यात पहिला बदल झाला तो डाव्या पोटातल्या मागच्या खोलीत. आक्काचा डावा गुडघा वाकत नाही, तर मिस्त्रींनी तिथली उंच पायरी तोडून दोन बुटक्या पायऱ्या केल्या. भिंतीला तिच्या हाताच्या उंचीवर लाकडी कठडा बसवला आणि तो घासून घासून लोण्यासारखा मऊ केला. मालकीणबाईंनी पिवळे पडदे शिवले. खोली इतकी छान झाली की मी तिच्याकडे सारखी लक्ष ठेवून असे.

"आता निघायचं का?" बाईंनी विचारलं.

"अगं, एवढं गोड्या पाण्याचं यंत्र बसवू आणि निघू. आक्काला पाणी कमी नको पडायला."

ते यंत्र बसलं. यंत्राला वीज हवी, म्हणून छपरावर सौर पाट्या आल्या. पाट्यांची वीज साठवायला बॅटऱ्या आल्या. मग दुसरा नांगर आला, कारण एकावर भरवसा काय ठेवायचा. कपडे धुण्याचं यंत्र आलं, कारण आक्का फार टापटिपीची. प्रत्येक वस्तूचे सुटे भाग आले आणि सुट्या भागांना पेट्या आल्या. पेट्या ठेवायला जागा कुठे? आक्का येईपर्यंत खोली रिकामीच आहे की.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मलाही हे सगळं आवडत होतं. धक्क्यावरचे लोक मला पाहायला यायचे. "वा, काय सजवलीय," म्हणायचे, आणि मी फुगायची. निघायचं मात्र दर वर्षी पुढल्या वर्षावर जायचं. एकदा आम्ही चाचणीसाठी बाहेर पडलो, तर लाटा खालून घराच्या तळाला धाडधाड आपटू लागल्या. जड झाल्यामुळे मी पाण्याच्या फार जवळ आले होते. चहाचे चार कप खाली पडले आणि फुटले. माझं तर नाकच कापलं गेलं. मिस्त्रींनी परत येऊन काय केलं माहीत आहे? कपांसाठी सागवानी फळी बसवली.

वर्षातून एकदा गोदीतला रंगारी मला रंग द्यायचा. मी खाली गेल्यामुळे पांढऱ्या रंगावर शेवाळ चढलेलं असायचं. मग तो निळ्याची रेघ दोन बोटं वर न्यायचा. चौथ्या वर्षी ब्रश बाजूला ठेवून म्हणाला, "मिस्त्री, नाकापेक्षा मोती जड झालाय हो. रेघ वर नेऊन होडी हलकी होत नाही."

"तू रंग दे रे," मिस्त्री म्हणाले आणि नव्या पंपाची पेटी उघडायला आत गेले.

त्याच आठवड्यात आक्काचा फोन आला. मिस्त्रींचे हात ग्रीसने माखलेले होते, म्हणून बाईंनी फोन टेबलावर ठेवला. आक्काचा आवाज माझ्या घरभर ऐकू आला.

"बारक्या, डॉक्टरकडे जाऊन आले. डोळ्यांच्या कडा गेल्यात माझ्या. नकाशा समोर धरला तर मधला देश दिसतो, शेजारचे दिसत नाहीत. मधलंही हळूहळू जाईल म्हणतात. तर तुझा तो समुद्र मधला दिसतोय तोवर दाखव. माझी खोली तयार आहे ना?"

"केव्हाची तयार आहे," मिस्त्री म्हणाले.

फोन ठेवून ते लगबगीने त्या खोलीकडे गेले. दार ढकललं, ते चार बोटं उघडलं आणि अडलं. आत पेट्यांवर पेट्या होत्या. त्यांनी खांदा लावला, तरी दार हललं नाही. फटीतून पिवळ्या पडद्याची फक्त एक कड दिसत होती.

मालकीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. "अहो, लिफ्टमध्ये जादा वजनाची घंटी वाजली की तुम्ही काय म्हणायचात? एक जण उतरा. इथे ज्यांच्यासाठी ही लिफ्ट आणली, त्या वन्संनाच उतरवलंत."

मिस्त्री दाराला पाठ टेकवून खाली बसले. मलाही माझी लाज वाटली. इतकी वर्षं ती खोली भरताना मला कळत होतं, पण कौतुकापुढे मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपसा सुरू झाला. सुटे भाग, पेट्या, दुसरा नांगर, तीन पंप, सगळं धक्क्यावर गेलं. कपडे धुण्याच्या यंत्रापाशी मिस्त्री थोडे रेंगाळले. "बादलीत धुवू की," बाई म्हणाल्या, आणि तेही गेलं. एका पेटीत लिफ्टची जुनी घंटी निघाली. ती मात्र बाईंनी स्वतःजवळ ठेवली. धक्क्यावर असा बाजार भरला की लोक भाव विचारू लागले. तीन दिवसांत मी इंचाइंचाने वर आले आणि माझ्या पोटांवर चार पट्टे उघडे पडले. दर वर्षीचा निळा वेगळा. मी अगदी ध्यान दिसत होते.

रंगारी म्हणाला, "आठ दिवस द्या. सगळं खरवडून मूळ रेघ काढतो."

मी मनात म्हटलं, दे बाबा, या अवतारात कुठे जाऊ? पण मिस्त्रींनी मान हलवली. "नाही रे. आता आठ दिवससुद्धा नाही."

आणि आम्ही निघालो. मित्रांनो, ते दोन दिवस मी विसरणार नाही. लाटा माझ्या पोटांमधून सरळ निघून जात होत्या, तळाला हात न लावता. चहाचे कप टेबलावरच होते. अबोल कारागिराचं ते एकच वाक्य मला इतक्या वर्षांनी कळलं.

आक्का धक्क्यावर काठी घेऊन उभी होती. भाऊ पुढे धावला, पण तिने आधी मला पाहिलं. मान डावीकडे वळवून, मग उजवीकडे, तुकड्या तुकड्याने. मी अंग चोरलं.

"हे काय रे बारक्या? होडीवर अक्षांश काढलेस?"

मिस्त्री हसायला गेले आणि रडले. "नाही गं आक्का. दर वर्षी मी आलो नाही, त्याच्या रेघा आहेत त्या."

आक्काने हात पुढे करून चारही पट्टे चाचपले. मग त्याच हाताने भावाचा हात धरला. "चार वर्षं म्हणजे काही जन्म नव्हे. चल, खोली दाखव."

ती बुटक्या पायऱ्यांवरून उतरली. तिचा हात न शोधता कठड्यावर पडला.

आता आक्का आमच्याबरोबरच राहते. रंगाऱ्याने माझी मूळ रेघ पुन्हा आखली, पण तिच्या हट्टापायी खोलीच्या खिडकीखाली हातभर जागा तशीच सोडली. चार पट्टे तिथे अजून आहेत. मिस्त्री धक्क्यावरून एखादी वस्तू घेऊन आले, की आक्का बाईंनी दिलेली, उशाशी ठेवलेली ती लिफ्टची घंटी वाजवते. ते निमूटपणे वस्तू परत करून येतात.

मित्रांनो, कुणाला काही द्यायचं ठरवलं असेल, तर तयारीत त्याचीच जागा भरून जात नाही ना, एवढं दार उघडून बघत जा. आणि आमच्यासारख्यांवर प्रेम असेल, तर आम्हाला सजवण्यापेक्षा वापरा.

रोज सकाळी दोघं भावंडं माझ्या दोन पोटांमध्ये पुढे ताणलेल्या जाळीवर बसतात. आक्का मधलं सांगते आणि मिस्त्री कडा सांगतात. दोघांचा मिळून समुद्र पुरा होतो.