बिनचूक

इंग्रजी साहित्य शिकायला आलेल्या मुलामुलींना त्या विद्यापीठात पहिले तीन महिने एकाच गोष्टीची बंदी होती, इंग्रजी बोलण्याची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. वरच्या वर्गातल्यांनी तो खालच्यांवर लादायचा, आणि खालच्यांनी वर गेल्यावर पुढच्यांवर, असा तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. प्राध्यापकांना तो ठाऊक होता, कुलसचिवांना ठाऊक होता, फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक होता. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

इंग्रजीला तिथे सगळे ‘तलवार’ म्हणत. कोलंबोतली बडी माणसं हिनेच गरिबांच्या माना कापतात, म्हणून तलवार. तोंडातून चुकून एखादं वाक्य निघालं, की मागून आवाज यायचा, “ए, म्यान कर गं ती!” सगळे हसायचे. हसून झाल्यावर जे व्हायचं त्यात हसण्यासारखं काही नसायचं.

वर्गातही सुटका नव्हती. तास चालू असताना वरच्या वर्गातली पाचसहा जणं व्हरांड्यात खांबांना टेकून उभी असत, पेरूला मीठ-तिखट लावून खात. वीरतुंग मॅडम प्रश्न विचारायच्या आणि चाळीस मुलंमुली बाकावर नजर लावून गप्प बसायची. मॅडम व्हरांड्याकडे कधीच बघत नसत. “ही बॅच जरा मंद आहे,” असं म्हणून फळ्याकडे वळायच्या.

त्या चाळिसांत सेव्वंदी होती. मोनरागलाच्या पलीकडच्या गावातली. आई कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. गावच्या शाळेला सहा वर्षं इंग्रजीचा मास्तर नव्हता. निवृत्त पोस्टमास्तरांच्या पडवीत बसून, त्यांचा रेडिओ ऐकून आणि त्यांचाच जाडजूड शब्दकोश पाठ करून ही पोर इंग्रजी शिकली. निघताना सगळ्या गावाला सांगून आली होती, “मी मास्तरीण होऊनच परत येणार.”

त्यासाठी इंग्रजीच्या विशेष पदवीला जागा मिळायला हवी होती. जागा पंधरा. पहिल्या सत्राअखेर प्रत्येकाने वर्गासमोर दहा मिनिटं इंग्रजीत बोलायचं आणि त्यावर मॅडम निवड करणार. ज्याची निवड झाली नाही, त्याचा इंग्रजीशी संबंध संपला. आणि कुणी कितपत बोलायचं हे व्हरांडा ठरवणार. परवानगीशिवाय जो अस्खलित बोलला तो बटाटा.

बटाटा म्हणजे वाळीत टाकलेला. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, शेजारी बसायचं नाही, टिपणं द्यायची नाहीत, चारही वर्षं. त्या वर्षी बटाटा एकच होता, रोशेल. कोलंबोची, घरात जन्मापासून इंग्रजीच बोलणारी. पहिल्याच दिवशी तिने वरच्या वर्गातल्यांपुढे गुडघे टेकायला नकार दिला. “मी इथे शिकायला आलेय,” ती मोडक्यातोडक्या सिंहलीत म्हणाली, “प्रार्थनेला नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बाकावर एक बटाटा ठेवलेला होता. मग रोज एक. आधी चांगले धुतलेले असत, पुढे पुढे कोंब फुटलेले. रोशेल ते खिडकीत ओळीने मांडायची आणि कुणाकडेही न बघता मोठ्याने म्हणायची, “आणखी चार आले की भाजी टाकते.” सेव्वंदीला हसू यायचं. ती ते गिळायची.

रोशेलशी बोलायला बंदी होती, लिहायला नव्हती. म्हणजे तसा विचार कुणी केलाच नव्हता. ग्रंथालयाच्या शेवटच्या कपाटात जुन्या प्रवचनांचे खंड होते, त्यांना कुणी हात लावत नसे. सेव्वंदीने एके दिवशी रोशेलच्या टेबलाजवळून जाताना चिठ्ठी टाकली. चार ओळी, इंग्रजीत, उत्तर त्या खंडांमागे ठेव म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या खंडांमागे एक पातळ वही होती. तिची चिठ्ठी आत चिकटवलेली, सात चुका हिरव्या पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या, आणि खाली उत्तर. मग हे रोजचंच झालं. सेव्वंदी इंग्रजीत लिहायची, रोशेल सुधारायची. रोशेल सिंहलीत लिहायची, सेव्वंदी सुधारायची. दोन महिन्यांत सातच्या तीन चुका झाल्या, तीनच्या दोन. समोरासमोर एक शब्द न बोलता सेव्वंदीला आयुष्यातली पहिली जिवाभावाची मैत्रीण मिळाली होती.

रविवारी सकाळी इनोका अक्का वसतिगृहात सेव्वंदीच्या खोलीत आली. वर्षाने मोठी, इंग्रजीचीच. सेव्वंदी तापाने फणफणली होती तेव्हा भाताचं पुडकं आणून भरवणारी हीच, आणि पहिल्या आठवड्यात तिला दोन तास उन्हात उभं करणारीही हीच.

“ये चिमणे, बस. केसांची काय दशा करून घेतलीस!” तिने सेव्वंदीला पुढ्यात बसवलं आणि डोक्याला तेल लावायला घेतलं. बोटं मऊ होती. बराच वेळ ती गाणं गुणगुणत राहिली. मग मागूनच हात पुढे करून तिने सेव्वंदीच्या मांडीवर काहीतरी ठेवलं.

ती वही होती.

“मी कुणाला दाखवली नाही हं अजून,” इनोका म्हणाली. “दाखवली असती तर उद्या तुझ्या बाकावर काय असतं, माहितीय ना?”

“अक्का, मी फक्त...”

“हलू नकोस, भांग वाकडा होतो. तू आमची आहेस गं, म्हणून तुला सांगते. त्या बटाट्याने तक्रार केलीय. लेखी. पाच नावं दिलीत, त्यातलं एक माझं. पुढच्या सोमवारी चौकशी आहे. आम्हाला तिच्याशी बोलायचंय, दुसरं काही नाही. तक्रार मागे घे, एवढंच सांगायचंय. पण ती आम्हाला जवळ कुठे येऊ देते? तुझ्या शब्दावर येईल.”

“कुठे?”

“व्यायामशाळेमागची पाण्याची टाकी. शुक्रवारी दोनला. तिथे शांत असतं.”

मागच्या वर्षी एक मुलगा त्या टाकीच्या पायऱ्यांवरून पडला होता. तो घरी गेला तो परत आला नाही. पाय घसरला, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि सगळ्यांनी अगदी त्याच शब्दांत सांगितलं.

“शुक्रवारी तीनला तुमची भाषणं सुरू होणार ना?” इनोकाने वेणीला रिबिनीची गाठ मारली. “तू बोल बिनधास्त. हवं तेवढं बोल. व्हरांड्यातून कुणी चूं करणार नाही, माझा शब्द. बघ, किती छान दिसतेस!”

तीन दिवस सेव्वंदी तोच विचार उलटसुलट करत राहिली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मॅडमना सांगावं, तर मॅडम फळ्याकडे वळणार. आईला फोनवर सांगावं, तर आई म्हणणार, परत ये. ती घाबरली होती हे खरं. पण नुसती भीती असती तर बरं झालं असतं. तिला ती जागा हवी होती. पंधरातली एक, हक्काची. डोळे मिटले की तिला गावातला वर्ग दिसायचा आणि हातात खडू घेतलेली ती स्वतः. रोशेलचं काय, असंही तिच्या मनात आलं. रोशेलला कोलंबो आहे, गाडी आहे, वडील वकील आहेत. हा विचार मनात आला त्याची तिला लाज वाटली, आणि तरीही तिने तो सोडला नाही.

बुधवारी तिने वहीत लिहिलं. शुक्रवारची फार भीती वाटते. आपण इतके दिवस लिहिलं, पण माझा आवाज तू कधी ऐकला नाहीस. भाषणाआधी दोन वाजता व्यायामशाळेमागच्या टाकीपाशी येशील? माझं बोलणं एकदा ऐकशील? तिथे कुणी नसतं. एकटीच ये.

वही मिटून तिने प्रवचनांच्या खंडांमागे ठेवून दिली.

गुरुवारी तिने खंडांमागून वही काढली. पानावर हिरवी पेन्सिल कुठेच नव्हती. खाली रोशेलने सिंहलीत, गोल गोल अक्षरात लिहिलं होतं, “एकही चूक नाही! पहिल्यांदाच. नक्की येते. घाबरू नकोस, मी आहे ना.”

ते सिंहलीही बिनचूक होतं.

सेव्वंदीने पेन्सिल उचलली. ‘येऊ नकोस’ एवढंच लिहायचं होतं. शेजारच्या टेबलावर इनोका अक्का पुस्तक उघडून बसली होती. किती वेळ झाला तरी पान उलटलं जात नव्हतं. सेव्वंदीने पेन्सिल खाली ठेवली आणि वही जागच्या जागी सारली.

शुक्रवारी तीन वाजता वर्ग भरला. व्हरांडा रिकामा होता. सत्र सुरू झाल्यापासून तो पहिल्यांदाच रिकामा होता, आणि वर्गातल्या प्रत्येकाने तो मान न वळवता पाहून घेतला. रोशेलची जागाही रिकामी होती. खिडकीतले बटाटे ओळीने होते तसेच होते.

पहिलं नाव सेव्वंदीचं पुकारलं गेलं.

ती पोस्टमास्तरांवर बोलली. पडवी, रेडिओ, शब्दकोशाची कुरतडलेली पानं, सगळं सांगितलं. कुठेही अडखळली नाही. रोशेलने सुधारलेली वाक्यं तोंडात आपोआप येत होती. वर्ग थक्क होऊन ऐकत होता. सहा-सात मिनिटांनी व्हरांड्यात पावलं वाजली. एकेक जण येऊन आपापल्या खांबाला टेकला. कुणाच्या हातात पेरू नव्हता. इनोका अक्का सगळ्यांच्या मागून आली. तिच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. ती सेव्वंदीकडे बघून हसली आणि पुढे बोल, अशी तिने मानेने खूण केली.

सेव्वंदी पुढे बोलली. दहा मिनिटं पुरी केली.

“अगं, इतके दिवस कुठे लपली होतीस तू?” वीरतुंग मॅडम इंग्रजीत म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. “तुझी जागा पक्की समज. पुढे... रोशेल.”

कुणी उठलं नाही.

“रोशेल कुठे आहे? कुणी पाहिलं का तिला?” मॅडमनी इंग्रजीत विचारलं. बाकांवरच्या सगळ्या माना खाली गेल्या. मॅडमनी उभ्या असलेल्या सेव्वंदीकडे पाहिलं. नुकतीच इतकं सुंदर बोललेली मुलगी त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू तिला शब्दच कळले नाहीत. मॅडमना तसंच वाटलं असावं. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, सिंहलीत.

आता न समजण्याची सोय उरली नव्हती. व्हरांड्यात इनोका अक्का बाही पिळत होती. पाणी फरशीवर ठिबकत होतं.

“माहीत नाही, मॅडम,” सेव्वंदी आपल्या आईच्या भाषेत म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.